मी झोपलोच नव्हतो

सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली. बायकोचं म्हणणं, मी बोलता बोलता थांबतो, थोडा वेळ एकटक बघत राहतो आणि मग काही झालंच नाही असा पुढचा घास घेतो. माझं म्हणणं, मी विचार करत असतो. दोन महिने हा वाद चालला. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी दोघांचं ऐकून घेतलं (तिचं जरा जास्तच) आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद घेणारी तपासणी, लिहून दिला. तोही रात्रभर जागून करायचा.

आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवायचं, तेल लावायचं नाही, चहा-कॉफी बंद. जागरण कशासाठी, तर थकलेला मेंदू जागेपणातून झोपेत सरकताना एरवी लपलेली गडबड उघडी पडायची शक्यता वाढते. पटलं. पण सदाशिव पेठेत राहून सकाळचा चहा नाही, हे काही पटलं नाही.

रात्री तीनला डोळे मिटायला लागले तेव्हा मोबाईलवर हान्स बर्गरबद्दल वाचत बसलो. जर्मनीतल्या येना गावचा हा मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडला, मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी घरून तार आली, कारण बहिणीला काहीतरी वाईट झाल्यासारखं वाटलं होतं. मन मनाशी बोलतं कसं, ते शोधायचं या वेडाने तो मेंदूतल्या विजेमागे लागला. १९२४ मध्ये त्याने माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली आणि छापली १९२९ मध्ये. मनाची तार काही सापडली नाही, पण ईईजी सापडला.

साडेपाचला धाकट्या भावाने मला पर्वती चढायला लावलं. उतरताना अमृततुल्याच्या दारातून आल्याचा वास आला. तो आत गेला, मी बाहेर उभा.

हॉस्पिटलात नंबर दीड तास उशिरा लागला. तेवढ्यात डुलकी लागू नये म्हणून बायको चिमटे काढत होती, आणि मला वाटतं काही चिमटे जुन्या हिशेबातले होते.

आत टेक्निशियन ताईंनी टेपने डोकं मोजलं, नाकाच्या मुळापासून मागच्या टेंगळापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या अंतराच्या दहा आणि वीस टक्क्यांवर पेन्सिलीच्या खुणा. प्रत्येक खुणेवर खरखरीत जेल घासलं आणि पांढऱ्या चिकट पेस्टने वाटीसारखा इलेक्ट्रोड बसवला. वायरींचा अंबाडाच झाला. यातून विजेचा झटका बसत नाही. मशीन फक्त ऐकतं, आणि जे ऐकतं ते व्होल्टच्या काही लाखांश भागांइतकं असतं. त्यामुळे दात आवळले तरी स्क्रीनभर काळा गिचमिडा होतो.

“डोळे मिटा.” मिटले. “उघडा.” ताई म्हणाल्या, मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला दहाएक लाटा येतात, उघडले की मोडतात. अल्फा. बर्गरची लाट! रात्रीचं वाचन कामी आलं म्हणून मी खूश. मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास, बोटांना मुंग्या. मग मिटल्या डोळ्यांवर लखलखता दिवा.

“आता झोपा.”

आणि झोप येईना. एसीची घरघर, कॉरिडॉरमधली ट्रॉली, कुणीतरी मावशींना हाक मारत होतं, सगळं ऐकू येत होतं. ताईंनी दिवा लावला तेव्हा मी आधीच माफी मागितली, “सॉरी, झोप लागलीच नाही.”

“अकरा मिनिटं झोपलात. घोरलात पण.”

मी मान्य करेना, तेव्हा त्यांनी स्क्रीन मागे नेली. अल्फा विरत गेलेली, डोळे संथ फिरल्याच्या लांबट वळणरेषा, मग मंद लाटा, आणि त्यात मध्येच चरख्यावरच्या चातीसारखे बारीक, घट्ट झुपके. त्यांना स्पिंडल म्हणतात. ते दिसले की झोप नक्की. कोपऱ्यातल्या व्हिडिओत मी तोंड उघडं टाकून पडलेलो. मला ऐकू आलेली ती ट्रॉली त्याआधीची असणार.

बाहेर आल्यावर बायको काही बोलली नाही. नुसती बघत होती.

पेस्ट निघायला तीन धुण्या लागल्या. रिपोर्ट नॉर्मल आला. मी पेढे आणायच्या गोष्टी करत होतो, तर डॉक्टर म्हणाले, एक नॉर्मल ईईजी म्हणजे फीट नाहीच असं होत नाही. त्या अर्ध्या-पाऊण तासात काही घडलं नाही, एवढंच त्यातून कळतं. पुढच्या वेळी असं झालं की मोबाईलवर शूट करा, हे त्यांनी तिला सांगितलं. गाडी तूर्त बंद, हे मला.

तिच्या फोनमध्ये आता माझे चौदा व्हिडिओ आहेत. तेरांमध्ये मी खरंच विचार करतोय, तसं मी तिला सांगतोही. चौदाव्यात पोह्यांचा चमचा हवेत आहे, ती दोनदा हाक मारते, एकोणीस सेकंद. पोहे आठवतात. हाक आठवत नाही. गुरुवारी डॉक्टरांकडे तो घेऊन जातोय.