झाडांआड वाढलेलं कॅरी

अमेरिकेतल्या कॅरीला पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, "अगं, पण गाव कुठे आहे?" विमानतळापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना नुसते पाइन. त्यांच्याआड वसाहती आहेत, किराणा आहे, दवाखाने आहेत, डोसा मिळणारी हॉटेलंही आहेत. रस्त्यावरून फारसं काही दिसत नाही एवढंच. दुकानाची पाटी जमिनीलगतच्या विटांच्या कट्ट्यावर, रंग इतके बेताचे की फोनवर नकाशा लावला नसेल तर वळण हुकलंच समजा. आपल्याकडे दुकानापेक्षा फ्लेक्स मोठा असतो, इथे दुकानदाराला दिसायचीच चोरी.

हे आपसूक झालेलं नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या या गावाची वस्ती १९८० साली २२ हजारांच्या आत होती. शेजारी रिसर्च ट्रँगल पार्क, म्हणजे संशोधन कंपन्यांची वसाहत, १९५९ पासून होतंच. १९८० मध्ये सास ही सॉफ्टवेअर कंपनी इथे मुक्कामाला आली आणि नोकरदारांचा लोंढा सुरू झाला. २०२० च्या जनगणनेत आकडा १,७४,७२१ वर गेला. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, किल्डेअर फार्मच्या जमिनीवर एकाच आराखड्यात आखलेली मोठी वसाहत उभी राहिली होती. पुढच्या कॅरीने तोच कित्ता गिरवला.

माझे मामा दर फोनला विचारतात, "तिकडे एखादा रोड टच प्लॉट बघून ठेवलास का?" त्यांना कसं सांगू, की इथे रस्त्याला लागून जमीन असली तर रस्त्याकडेचा पट्टा झाडांसाठी सोडावा लागतो. त्याला बफर म्हणतात. तिथे झाडं नसतील तर स्वखर्चाने लावा. ओढ्याकाठचे ग्रीनवे, म्हणजे झाडीतल्या फिरायच्या वाटा, त्याही असेच नियमांतून जन्मलेले. पुराच्या पट्ट्यात घरं बांधता येत नाहीत, आणि ड्रेनेजची लाइन उताराने ओढ्याकडेच जाते. मग तिच्याच पट्ट्यावरून बऱ्याच ठिकाणी पायवाट काढली. आई इथे आली की रोज सकाळी त्या वाटेवर कौतुकाने फिरते. खाली काय वाहतंय हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

खरी गंमत सुनावणीत. पश्चिमेला कार्पेंटर भागात तंबाखू सुकवायची जुनी लाकडी कोठारं अजून उभी आहेत, आणि कुंपणापलीकडे भिंतीला भिंत लागून असलेल्या तीन मजली टाउनहोमच्या रांगा. जमिनीचा झोन, म्हणजे तिथे काय बांधता येईल हे ठरवणारा वर्ग, बदलायचा अर्ज आला की जागेवर पाटी लागते, लगतच्या मालकांना टपालाने पत्र जातं आणि टाउन कौन्सिलपुढे जाहीर सुनावणी होते. अशा एका सुनावणीला मी गेले होते. जमीनमालक आजोबा पहिल्या रांगेत, हातात टोपी घेऊन गप्प बसलेले. मागे विरोध करणारे तीस-चाळीस जण, त्यातले निम्मे तरी आपले देशी. एकेक जण माइकवर येऊन ट्रॅफिकचं, शाळेतल्या गर्दीचं, "गावाच्या कॅरेक्टर"चं बोलत होता. शाळेचं दुखणं खरं आहे: जवळच्या शाळेची पटसंख्या भरली की नव्याने आलेल्यांची मुलं लांबच्या शाळेत जातात. पण कॅरेक्टरचा मुद्दा मला पटला नाही. बोलणाऱ्यांची घरं ज्या जमिनीवर आहेत, तिथेही कुणीतरी तंबाखूच लावत असणार. आजोबांनी मात्र शेतीच करत राहायचं, कारण आपल्या गॅलरीतून हिरवं दिसलं पाहिजे!

बरं, शेती राखणं आजोबांना फुकट पडत नाही, पण स्वस्त पडतं. शेतजमिनीवर मालमत्ता कर बाजारभावाने न लावता शेतीच्या किमतीने लागतो. वापर बदलला की त्या वर्षाची आणि मागच्या तीन वर्षांची सवलत व्याजासकट परत करावी लागते. आपल्या एनएसारखाच दरवाजा, फक्त फी वेगळी.

इथे याच प्रश्नावर महापौर पडलेत. १९९९ मध्ये ग्लेन लँग वाढीला लगाम घालायचं म्हणून निवडून आले, २००३ मध्ये हरले. त्यांच्या जागी आलेले एर्नी मॅकअ‍ॅलिस्टर २००७ मध्ये हॅरॉल्ड वाइनब्रेख्त यांच्याकडून हरले, तेव्हाही वाद वाढीचाच. मात्र गावाचे हात राज्याने बरेच बांधलेत. झोन बदलायला विरोध म्हणून शेजाऱ्यांनी अर्ज देऊन कौन्सिलला मंजुरीसाठी जास्त मतांची अट घालायची जुनी सोय राज्याने २०१५ मध्ये काढून टाकली. २०२४ अखेरच्या कायद्याने तर मालकाच्या संमतीशिवाय जमिनीवरची बांधकामाची मुभा कमीही करता येत नाही.

आता जागा संपत आली, म्हणून नवं कॅरी उंच होतंय. २०२२ मध्ये उघडलेल्या फेंटन या संकुलात दुकानांवर फ्लॅट आहेत, लोक चक्क चालताना दिसतात. व्यंकटेश्वर मंदिराचं ८७ फुटी गोपुर त्याच वर्षी पूर्ण झालं. त्याच्यापुढे मात्र बफरचं काही चालत नाही.

आजोबांचा अर्ज मंजूर झाला. घरं थोडी कमी केली, झाडांचा पट्टा रुंद केला. समोरचा रस्ता राज्याच्या ताब्यातला, त्यामुळे तो दोन पदरीच आहे, आणि सकाळी साडेआठला मी त्याच रांगेत असते.