पानथरी काढली नाही, तिचा रक्तपुरवठा कमी केला

रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, फक्त 38 हजार. हा रिपोर्ट बघून राजारामपुरीतल्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढायला साफ नकार दिला. सोनोग्राफीत पानथरी, म्हणजे डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, पार बेंबीपर्यंत आलेली दिसली.

दारूनं यकृत बिघडलं की पानथरी वाढते, म्हणून जो तो दारूचं विचारायचा. मी माळकरी माणूस, त्याचा फार त्रास झाला. माझं यकृत चांगलंच होतं. त्याच्याकडे रक्त नेणारी पोर्टल शीर जुन्या गुठळीनं बंद पडली होती. पंचगंगेला फुगवटा आला की ओढ्याचं पाणी मागं शिवारात चढतं, तसं रक्त पानथरीत तुंबत होतं. एरवी शरीरातल्या साधारण एक तृतीयांश प्लेटलेट पानथरीत असतात. ती अशी वाढली की बहुतेक तिथंच अडकतात, पांढऱ्या पेशीही कमी होतात.

आई म्हणाली, “काढूनच टाका की ती, डॉक्टरसाहेब.” त्यांनी तिला खुर्चीवर बसवून समजावलं. पानथरी रक्तातले जंतू पकडते. ती गेली की न्यूमोकोकससारख्या जंतूंची भीती जन्मभर राहते. तुंबलेलं रक्त दुसऱ्या शिरेत वळवायचं, त्या शंटच्या ऑपरेशनला माझी शीर योग्य नव्हती. म्हणून पानथरीच्या धमनीच्या काही फांद्या बंद करायच्या, बाकी चालू ठेवायच्या, असं ठरलं. सगळीच धमनी बंद केली तर आत पू होऊन जिवावर बेततं, हे पूर्वीच्या रुग्णांवरून कळलेलं आहे. थोडाच भाग बंद करून अँटिबायोटिक देण्याची पद्धत स्पिगोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये मांडली.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंविरुद्धच्या लसी दोन आठवडे आधी घेतल्या.

कॅथलॅबमध्ये मी जागा होतो. जांघेत बधिर करून बारीक नळी घातली, ती महाधमनीतून पानथरीच्या धमनीत नेली. एक्स-रेत शिरा दिसाव्यात म्हणून डाय सोडला की पोटभर ऊब पसरायची आणि “श्वास रोखा” असं सांगायचे. पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखं काळं जाळं उमटायचं. मग मिलिमीटरहून लहान कण सोडायचे, पुन्हा फोटो, पुन्हा थोडे कण. साधारण साठ टक्के भागाचा पुरवठा थांबल्यावर डॉक्टर थांबले. नंतर पाय सरळ ठेवून पडून राहायचं, ते मात्र जड गेलं.

खरी परीक्षा पुढं होती, आणि त्याबद्दलच लिहायचं होतं. त्याच रात्री डाव्या बरगड्यांखाली कळा सुरू झाल्या, त्या खांद्यापर्यंत जायच्या. ताप 102, मळमळ, जेवण नको. बायको घाबरून गेली, तिला वाटलं काहीतरी बिघडलं. पण रक्त न मिळालेला भाग आत मरत असतो, त्यानं हे होतंच. आठवडा-दोन आठवडे चालू शकतं. दुखतं म्हणून मी वरवर श्वास घ्यायचो. सिस्टर रागावून श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन प्लास्टिकचे चेंडू असलेलं यंत्र हातात द्यायच्या आणि दीर्घ श्वास ओढायला लावायच्या, कारण डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साठू शकतं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दुखण्यासाठी मनानं ब्रुफेनसारखी गोळी घ्यायची नाही, हेही त्यांनी बजावलं. प्लेटलेट कमी असताना तिनं रक्तस्राव वाढतो.

उतरलेला ताप पुन्हा चढला, थंडी वाजली किंवा पोट जास्त दुखू लागलं तर घरी थांबायचं नाही. आत पू झालेला असू शकतो. नवी गुठळीही होऊ शकते, म्हणून सोनोग्राफी सांगितली की करायचीच.

प्लेटलेट आधी झपाट्यानं चढून 1 लाख 90 हजारांवर गेल्या, तेव्हा घरात पेढे वाटले. पुढं त्या उतरून 1 लाख 5 हजारांच्या आसपास स्थिरावल्या. नेहमीचं प्रमाण दीड लाखाच्या वर असतं, पण डॉक्टर समाधानी आहेत. दाढ निघाली. बंद शीर मात्र तशीच आहे, त्यामुळं अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी चालू आहे, गरज पडली की बँडिंग करतात, म्हणजे त्या शिरांना रबराचे बँड बांधतात. लसींचं कार्ड रिपोर्टच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलंय.