किंवा तत्सम

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून स्पेनमधलं मायोर्का बेट, आणि मायोर्काला जायचंच तर भाड्याने टप उघडणारी मर्सिडीज, हा हट्ट माझा. पुण्यात अठरा वर्षं वॅगन-आर चालवलेल्या माणसाचा हट्ट आहे, समजून घ्या.

बुकिंगमध्ये गाडीच्या नावापुढे बारीक अक्षरांत 'किंवा तत्सम' असतं. म्हणजे त्या वर्गातली मिळेल ती गाडी. पाल्मा विमानतळावर मला मर्सिडीजच मिळाली, पण ठरवलेल्यापेक्षा मोठी. काउंटरवरची मुलगी हे असं सांगत होती जणू लॉटरीच लागली. आरटीओत हजार रुपये भरून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिने उलटसुलट पाहिला आणि क्रेडिट कार्डावर अनामत म्हणून २,५०० युरो अडकवून ठेवले. डेबिट कार्ड चालत नाही. निघण्याआधी लिमिट वाढवून घेतलं होतं म्हणून अब्रू वाचली.

पार्किंगमध्ये टप उघडेना. बटण दाबलं की नुसतं टुंग वाजायचं. दहा मिनिटांनी उलगडा झाला: टप घडी होऊन डिकीत बसतो, त्यासाठी डिकीतला पडदा खाली ओढावा लागतो, आणि त्या पडद्याखाली आमची मोठी बॅग मावत नाही. मग आठवडाभर बॅग मागच्या सीटवर, पट्टा लावून. सासूबाई सोबत असल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सा कालोब्राचा घाट. आन्तोनियो पारिएत्ती नावाच्या इंजिनिअरने आखलेला हा रस्ता १९३२ सालचा. डोंगरावरून जवळपास ७०० मीटर खाली समुद्रापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. परतायचं त्याच वाटेने. वर एका जागी रस्ता गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो. त्या वळणाला तिकडे 'टायची गाठ' म्हणतात.

आम्ही अकराला पोचलो, ही घोडचूक. तीच वेळ बसेसची. एका हेअरपिनवर समोर बस, मागे सायकलवाले, उजवीकडे दगडी कठडा, आणि गाडीचे सगळे सेन्सर एकदम किंचाळायला लागलेले. मला रिव्हर्स घ्यावा लागला. एक म्हातारा सायकलवाला उतरला आणि लक्ष्मी रोडवर गाडी लावून देणाऱ्याच्या थाटात हाताने 'या, या, या' करू लागला. कठड्यात आणि आरशात चार बोटं उरली असतील. शेजारून एक पिटुकली फियाट सुळकन निघून गेली.

"अहो, समुद्र बघा की जरा!"

"तू बघ आणि मला सांग."

तिने खरंच सांगितलं. खाली पोचेपर्यंत धावतं समालोचन चालू होतं.

परतताना पाल्मात एन्साइमादा घेतली, पिठीसाखर भुरभुरलेला गोल गुंडाळीचा पाव. सकाळीच कळलं होतं की नावातलं 'साइम' म्हणजे डुकराची चरबी. गुरुवार होता, हिने हात लावला नाही. मी एकट्याने खाल्ली, टप उघडा ठेवून, आणि तेवढ्यात वारा सुटला.

काळ्या लेदरच्या शिवणींत बसलेली साखर पुसून निघत नाही. शेवटच्या सकाळी टाकी फुल करायला थांबलो तेव्हा पंपावर अर्धा तास मी टूथब्रशने सीट घासत होतो. गाडी ताब्यात घेणाऱ्याने चारही चाकांच्या रिमवरून बोट फिरवलं, सीटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पैसे अकराव्या दिवशी सुटले.

ब्रश हिचा होता, हे विमानात बसल्यावर लक्षात आलं.