डोनटचे पैसे

मागच्या आठवड्यात एका रात्री झोप येत नव्हती म्हणून दुसऱ्या महायुद्धाचे जुने फोटो बघत बसलो होतो. शोधायला गेलो होतो रणगाडे, पण तिथून घसरत घसरत भलतीकडेच पोचलो आणि एका ट्रकच्या फोटोपाशी अडकलो. ट्रकची एक बाजू छपरासारखी वर उचललेली, खाली फळी टाकून काउंटर केलेला, आत युनिफॉर्ममधल्या दोन बायका आणि बाहेर चिखलात पंधरावीस सैनिक, प्रत्येकाच्या हातात आपापला मग. ते मग बघत बसलो मी. एनॅमलचे, कडा उडालेले, एकही दुसऱ्यासारखा नाही. रांगेत उभं राहायचं तर भांडं घरून आणायचं, म्हणजे इथे घर कसलं, पाठीवरच्या पिशवीतून.

तेव्हापासून आठवडाभर हाच विषय डोक्यात आहे, म्हणून लिहून टाकतोय.

आधी एक गोंधळ मिटवूया. सैन्याचं फील्ड किचन वेगळं आणि हे फिरतं कँटीन वेगळं. फील्ड किचनमधून मिळतं ते रेशन, तो सैनिकाचा हक्क आणि सैन्याची ड्यूटी, ताटात पडेल ते खायचं. कँटीनची गाडी म्हणजे त्याच्या वरचं सगळं, चहा, बन, सिगरेट, दाढीची ब्लेड, साबण, पत्र लिहायला कागद. यातलं काहीच नसलं तरी माणूस मरत नाही. पण सैनिकाचं सगळं आयुष्य हुकमावर चाललेलं असतं, उठ म्हटलं की उठायचं, चाल म्हटलं की चालायचं, आणि त्या खिडकीपाशी पाच मिनिटं का होईना त्याला कोणीतरी विचारतं, साखर किती? मला वाटतं त्या गाडीची खरी कमाई एवढीच होती.

आता प्रश्न असा की त्या पाच मिनिटांत तो सैनिक नेमका कोण असतो, पाहुणा की गिऱ्हाईक? हा मला सुचलेला शब्दच्छल वाटेल, पण यावरून एक अख्खी पिढी चिडलेली राहिली, ते पुढे सांगतो.

ब्रिटिशांचं उत्तर सरळ होतं, गिऱ्हाईक. त्यांची नाफी नावाची संस्था १९२० साली निघाली, नेव्ही आर्मी एअर फोर्स तिघांसाठी मिळून. १९४४ पर्यंत तिची सात हजारांच्या आसपास कँटीनं झाली होती आणि माणसं ९६,०००, फिरत्या गाड्या त्यातच आल्या. सैनिक पैसे देऊन चहा घ्यायचा, आणि संस्थेला होणारा फायदा परत सैनिकांच्याच फंडात जायचा. चहाला नावं ठेवायची, बन दगडासारखा आहे म्हणायचं, हे सगळं रीतसर चालायचं, कारण पैसे मोजले की नावं ठेवायचा हक्क आपोआप येतो. चहात म्हणे ब्रोमाइड घालतात, पोरांचं लक्ष भलतीकडे जाऊ नये म्हणून, ही अफवा तर ब्रिटिश सैन्यात पिढ्यानपिढ्या टिकली. आणि त्या चहाला ते म्हणायचे ‘चार’, बनला किंवा सँडविचला ‘वॅड’. हे चार म्हणजे आपल्या इकडच्या चाय-चहाचंच भावंड, हिंदुस्थानात नोकरी करून गेलेल्या गोऱ्या सोजिरांनी तोंडातून नेलेलं.

अमेरिकनांची गोष्ट मात्र पाहुण्यापासून सुरू होते. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात, साल्व्हेशन आर्मीच्या (नावात आर्मी असली तरी ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था) मार्गारेट शेल्डन आणि हेलन पर्व्हिअन्स या दोघी फ्रान्समध्ये आघाडीच्या मागे काम करत होत्या. पाऊस थांबेना, पोरं वैतागलेली, त्यांना घरची आठवण येईल असं काहीतरी करून घालायचं दोघींच्या मनात, पण ओव्हन नाही. होतं काय तर पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर आणि डब्यातलं दूध. मग डोनट. लाटणं नव्हतं म्हणून वाइनच्या बाटलीने लाटलं, आणि एका छोट्या कढईत एका वेळी सात असे तळले. पहिल्या दिवशी दीडशे झाले. कढई सातची आणि बाहेर पावसात रांग, यातला वास डोळ्यासमोर आणा फक्त. तळणीचा वास पावसात किती लांब जातो हे कोणाला सांगायला नको.

पुढचं मला फार गमतीशीर वाटलं. ती पोरं युद्धावरून परत गेली ती डोनटची चटक लावून घेऊन. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅडॉल्फ लेव्हिट नावाचा रशियातून आलेला माणूस होता, त्याच्या बेकरीत मागणी पुरी पडेना, म्हणून त्याने १९२० मध्ये आपोआप डोनट तळणारं मशीन काढलं. पीठ वरच्या नळकांड्यातून गोल होऊन थेट गरम तेलात पडतं, तरंगत पुढे सरकतं, उलटतं आणि तळून बाहेर. आणि बावीस वर्षांनी, पुढच्या युद्धात, याच जातीची मशीनं बसमध्ये बसवून परत सैनिकांकडेच आली!

त्या बसचं नाव क्लबमोबाईल. अमेरिकन रेडक्रॉसचं काम, ब्रिटनमधले त्यांचे कमिशनर हार्वी गिब्सन, मूळचे न्यूयॉर्कचे बँकर, त्यांची ही कल्पना. एअरफील्डवर, लांबच्या कँपवर अडकलेल्या पोरांना शहरातल्या क्लबात यायला जमत नाही, तर क्लबच त्यांच्याकडे न्यायचा. १९४२ च्या शेवटी लंडनच्या ग्रीन लाइन बसगाड्या घेऊन त्यांची आतून मोडतोड केली. पुढच्या भागात डोनटचं मशीन आणि कॉफीची मोठी पिंपं, मागे बसायला बाकं, ग्रामोफोन, रेकॉर्ड, सिगरेट, च्युइंगगम. बाहेर भोंगा लावलेला, त्यामुळे गाडी दिसायच्या आधी गाणं ऐकू यायचं. ड्रायव्हर ब्रिटिश आणि आत तीन अमेरिकन मुली. या मुली निवडताना वयाची किमान अट २५, बऱ्याचशा कॉलेज झालेल्या, कुठेतरी नोकरी केलेल्या.

कॉलेज शिकलेली मुलगी समुद्र ओलांडून आली ती डोनट तळायला, असं म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही असतीलच. पण कामाचं स्वरूप बघा. पहाटे उठून पीठ मळायचं, ट्रे भरायचे, गाडी धुक्यातून एअरफील्डवर न्यायची, आणि बॉम्बर विमानं परत येतात तिथे हसतमुखाने उभं राहायचं. दहा जण गेले आणि परत आले किती ते कप मोजून कळतं. एवढं सगळं झाल्यावर रात्री केसांना तेलाचा वास, तो काही केल्या जात नाही, ही तक्रार त्यांच्या पत्रांमधून आणि आठवणींमधून सारखी येते. तळणीसमोर तास काढलेल्या कोणालाही ही तक्रार खरी वाटेल. आणि सैनिकांचा पहिला प्रश्न ठरलेला, तू कुठली? आपल्या राज्यातली निघाली की संपलंच, रांग खोळंबली तरी चालेल.

डी-डेनंतर, म्हणजे जून १९४४ मध्ये दोस्तांची फौज फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्यानंतर, जुलैपासून या मुलीही तिथे उतरल्या. तिथे बस चालणार नाहीत म्हणून अडीच टनी जीएमसी ट्रकवर क्लबमोबाईल बांधले आणि आता गाडीही यांनीच चालवायची, टायरही यांनीच बदलायचा. गटागटाने फौजेच्या मागोमाग जायच्या, एका गटात आठ क्लबमोबाईल, शिवाय सोबत सिनेमा दाखवणारा ट्रक. यातली एक एलिझाबेथ रिचर्डसन. युरोपातलं युद्ध मे १९४५ मध्ये संपलं, आणि जुलैमध्ये ती फ्रान्समध्ये एका छोट्या विमानाच्या अपघातात गेली. नॉर्मंडीच्या अमेरिकन दफनभूमीत नऊ हजारांच्या वर थडगी आहेत, त्यात बायकांची चार, आणि त्यातलं एक तिचं.

आता ते पैशाचं. १९४२ मध्ये अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी रेडक्रॉसला कळवलं की तुमच्या क्लबांमध्ये जेवणाखाण्याचे आणि राहण्याचे पैसे घ्या. कारण चक्रावून टाकणारं असलं तरी बिनबुडाचं नव्हतं. ब्रिटिश सैनिकाला त्याच्या कँटीनमध्ये पैसे मोजावे लागतात, त्याचा पगार अमेरिकन सैनिकाच्या मानाने फारच कमी, आणि त्याच्याच देशात शेजारी बसलेल्या जास्त पगाराच्या अमेरिकन पोराला सगळं फुकट, म्हणजे दोस्तांमध्येच वितुष्ट यायचं. रेडक्रॉसने विरोध केला, पण शेवटी मानावं लागलं.

झालं. युद्ध जिंकलं, पोरं घरी गेली, म्हातारी झाली, आणि ‘रेडक्रॉसने आमच्याकडून डोनटचे पैसे घेतले’ हा राग काही जाईना. पन्नास-साठ वर्षं लोटली तरी जुने सैनिक हेच सांगायचे आणि रेडक्रॉसला खुलासे द्यावे लागायचे. गंमत म्हणजे पैसे घेतले जायचे ते सुट्टीवर आलेल्यांच्या पक्क्या क्लबांमध्ये, क्लबमोबाईलच्या खिडकीतला डोनट आणि कॉफी फुकटच होती. पण आठवणीत सगळं एकत्र होतं ना, चव खिडकीतली आणि बिल क्लबातलं.

मला यात सैनिकांचा कंजूषपणा अजिबात दिसत नाही. रक्कम किरकोळ होती. नाफीचा ब्रिटिश सैनिक पहिल्यापासून पैसे देत होता आणि फार तर चहाला शिव्या देत होता, त्याला दगाफटका झाल्यासारखं वाटलं नाही. अमेरिकन पोराला मात्र सांगितलं होतं की हे घरच्यांनी तुझ्यासाठी पाठवलंय, त्याच्या आईने रेडक्रॉसला देणगीही दिली असेल, आणि मग काउंटरवर हात पुढे आला. पाहुणा म्हणून बोलवायचं आणि जेवण झाल्यावर ताटाचे पैसे मागायचे, हे कोण विसरेल? आणि पाहुणेही सगळे सारखे नव्हते बरं का. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, आणि ब्रिटनमध्ये रेडक्रॉसचे त्यांच्यासाठीचे क्लबही वेगळे. डोनटच्या गोड गोष्टी सांगताना हा भाग बहुतेक लोक गाळतात.

बर्माच्या आघाडीवर तर आणखी वेगळं चित्र. तिथे वासबी नावाच्या बायका होत्या, विमेन्स ऑक्झिलरी सर्व्हिस बर्मा, १९४२ साली सांकेतिक संदेशांच्या कामासाठी निघालेली तुकडी, बर्मा पडल्यावर हिंदुस्थानात येऊन कँटीनवाली झाली आणि जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीच्या, म्हणजे बर्मात जपान्यांशी लढणाऱ्या ब्रिटिश-हिंदी फौजेच्या मागे चहा-बन-साबण घेऊन फिरली. ही आर्मी स्वतःला विसरलेली फौज म्हणवून घ्यायची, त्यामुळे त्या चिखलात, पावसात, मलेरियात कोणीतरी गाडी घेऊन आपल्यापर्यंत पोचलंय याचंच अप्रूप असणार.

आणि हिंदी सैनिकांकडे चहाच्या ज्या गाड्या जायच्या, त्यात इंडियन टी मार्केट एक्सपान्शन बोर्डाच्याही असायच्या. नावातच बघा, मार्केट एक्सपान्शन. तेव्हा गावाकडच्या कितीतरी घरांत रोजचा चहा नव्हता, आणि पलटणीत चहाची सवय लागलेला शिपाई घरी ती घेऊन जाणार हे चहावाल्यांना चांगलंच कळत होतं. म्हणजे तो पाहुणाही नाही, आजचं गिऱ्हाईकही नाही, उद्याचं गिऱ्हाईक! लेव्हिटच्या बाबतीत जे आपोआप घडलं ते इथे ठरवून. मला राग येत नाही याचा, गरम चहा गरमच असतो, पण गाडीवरचं नाव वाचायला काय हरकत आहे.

खाण्याच्या नादात अंघोळीच्या गाड्या राहिल्याच. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना ट्रेंच फीवर व्हायचा, तो उवांमुळे पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झालं, आणि मग गरम पाणी आणि स्वच्छ कपडे हा लाडाचा विषय राहिला नाही. दुसऱ्या युद्धात ब्रिटिशांकडे फिरती अंघोळ आणि लाँड्रीची युनिट होती, सोव्हिएत बाजूने तर अख्ख्या रेल्वेगाड्या अंघोळ, धुलाई आणि कपड्यांतल्या उवा मारण्यासाठी चालवल्या. आज युक्रेनमध्ये स्वयंसेवक ट्रकवर, ट्रेलरवर शॉवर आणि वॉशिंग मशीनं बसवून आघाडीजवळ नेतात. अंघोळीचे पैसे कोणी मागितल्याचं मात्र कुठे वाचलं नाही मी.

शेवटी परत मगवर येतो. १९४० मध्ये फ्रान्सच्या डंकर्क बंदरात जर्मनांच्या वेढ्यातून सुटून आलेल्या सैनिकांच्या आगगाड्या इंग्लंडात केंट परगण्यातल्या हेडकॉर्न नावाच्या छोट्या स्टेशनवर थांबायच्या. इथे उलटा प्रकार, कँटीन जागेवर आणि गिऱ्हाईक फिरतं. गाडी थांबणार जेमतेम काही मिनिटं, पोरांनी सगळं सामान समुद्रापलीकडे टाकलेलं, त्यामुळे कोणाकडे मग नाही, आणि स्टेशनवर हजारो कप आणायचे कुठून. मग रिकामे पत्र्याचे डबे घेतले आणि त्यातच चहा. गाडी सुटायची वेळ झाली की ओरडायचे, टाका बाहेर! आणि सगळ्या खिडक्यांतून डबे खणाखण प्लॅटफॉर्मवर. बायका ते गोळा करायच्या, विसळायच्या, परत भरून ठेवायच्या, कारण पुढची गाडी सिग्नलला उभी असायची.