घाणीचं चाक आणि आक्कासाहेबांचं देवघर

कोल्हापुरात चुन्याचं काम करणाऱ्या घरात एक गोष्ट हमखास असते, आमचे अमुकतमुक नव्या राजवाड्याच्या कामावर होते म्हणून. आमच्याकडंही आहे. खापरपणजोबा तिथं चुना दळायच्या घाणीला बैल हाकायचे म्हणे. कागद एकही नाही, म्हणून आम्ही ते कधी जाहिरातीत छापलं नाही. आमच्याच धंद्यातल्या एकानं बिनकागदाचं छापलं. त्याचं पुढं सांगतो.

राजवाडा 1877 ते 1884 या काळात उभा राहिला. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपला टाऊन हॉलही त्याचाच, बडोद्याचा लक्ष्मीविलासही त्याचाच. 1881 ला मँट वारला, दोन्ही राजवाडे पुरे झालेले त्याला दिसलेच नाहीत. दगड आपला काळा, नक्षीचं वळण गुजरात-राजस्थानकडचं, मधोमध घड्याळाचा मनोरा. पुरा झाला त्याच 1884 ला शाहू महाराज दत्तक आले. आज खाली संग्रहालय आणि वर छत्रपतींचं कुटुंब राहतं. लोक घड्याळाचे फोटो काढतात, मी दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, बघत उभा राहतो.

त्याच काळातला एका सरदार घराण्याचा बंगला आमच्या वडिलांनी वर्षानुवर्षं सांभाळला होता. 2006 ला तिथलं मोठं काम निघालं. आम्ही चुन्याचा दर दिला, ते बिनकागदाचं छापणाऱ्या गृहस्थानं निम्म्या दरात सिमेंट. घरच्या मुलांनी त्याला काम दिलं, आणि ते बघून बाकीच्यांनीही. दोन वर्षं आमची थापी भिंतीला लागली नाही. एका हॉटेलवाल्यानं घाणीचं दगडी चाक बागेत शोभेला मागितलं. मी हो म्हणूनही बसलो होतो.

त्या बंगल्यातल्या आक्कासाहेबांना कुठून कळलं कोण जाणे. निरोप आला, "मिस्त्री, माझं देवघर तेवढं चुन्यातच करायचं. चाक विकू नका." सोबत आगाऊ पैसे. देवघर ते केवढं, आठ बाय दहाचं! पण महिनाभर निवलेला चुना, सुरखी म्हणजे विटांची पूड, हिरड्याचं पाणी, गूळ, सगळं वडिलांच्या मापानं घातलं. निरूला, म्हणजे वरच्या बारीक चुन्याच्या थराला, गारगोटीनं घोटून आरशासारखी चकाकी आणली. तिसऱ्या पावसाळ्यात बाकी बंगल्यातला गिलावा फुगून पडायला लागला. सिमेंटच्या दरजांनी ओल आत कोंडली होती, सागवानी तुळयांची भिंतीतली टोकं कुजली होती. देवघर कोरडं. मग मुलं आमच्या दारात आली.

पुढची पंधरा-सोळा वर्षं कामं येत गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तुमचा जुना वाडा असेल तर एवढं करा, काळा दगड ॲसिडनं धुऊ नका आणि आठ दिवसांत चुना देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

ते गृहस्थ आता वारसा जतनावर भाषणं देतात. परवा त्यांचा माणूस आमच्याकडून चार पोती निरू घेऊन गेला. पैसे रोख घेतले.