एमआरआयचं पाकीट

आज बाबांना घेऊन मणक्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. महिनाभर कंबरेतून निघालेली कळ थेट डाव्या पोटरीपर्यंत जातेय. एमआरआय रिपोर्टमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज, नस दबली आहे' (म्हणजे कंबरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगून बाहेर आलीय) असं कळल्यापासून घरात सुतकी वातावरण. आत्याने तर फोनवर ऑपरेशनचा खर्चही काढून ठेवलेला!

डॉक्टरांनी पाकीट बाजूला ठेवलं. बाबांना आधी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. आडवं करून पाय सरळ वर उचलला. अंगठा वर ओढायला सांगून स्वतः खाली दाबला. मग विचारलं, "लघवी अडते का? नकळत होते का? बसायच्या जागी बधिर वाटतं?" बाबा लाजले, मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. पण खरा प्रश्न हाच होता. यातलं काही असतं तर आजच भरती. तिथे दिवस नाही, तास मोजतात. पाऊल लुळं पडत चाललं असतं तरी फार थांबता आलं नसतं.

नुसती कळ असेल तर आधी ६ ते १२ आठवडे औषधं, व्यायाम. सरकलेली गादी बऱ्याचदा आपोआप आक्रसते. साठीनंतर काहीच न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही असे बल्ज सर्रास दिसतात म्हणे (हे आत्याला कोण सांगणार?). तरीही पायातली कळ हटली नाही, तर ऑपरेशनचं बोलू. निव्वळ कंबरदुखीसाठी मात्र त्याचा तेवढा भरवसा नाही.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "चहा घेऊ. पण उभ्यानेच हं, बसलं की कळ येते."