सुईच्या आधीचं सगळं

माझी सीव्हीएस (गरोदरपणात सुईने वारेचा, म्हणजे प्लॅसेंटाचा, नमुना काढून बाळाची जनुकं तपासणं) झाली हे कळल्यावर देवगडात प्रत्येकीने एकच विचारलं, "सुई दुखली का गं?" दुखली, पण थोडीच. त्या सुईपर्यंत वेळेत पोचायला काय काय करावं लागतं हे मात्र कुणी विचारलं नाही. आपल्याकडून मुंबई म्हणजे एका रात्रीचा प्रवास, त्यामुळे ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना आधीची तयारी माहीत असलेली बरी, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात अगदी साध्या रक्ततपासणीने झाली. दिवस राहिल्यावर दवाखान्यात नाव घालताना करतात तीच. हिमोग्लोबिन साडेनऊ आलं. त्यात नवल नव्हतं, लहानपणापासून मला सगळे फिक्कीच म्हणत आले आहेत आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही फरक पडला नव्हता. पण आमच्या डॉक्टर मॅडमनी हिमोग्लोबिन सोडून खालचे आकडे वाचले. लाल पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, ६४ होता (८० च्या वर हवा) आणि पेशींची संख्या मात्र भरपूर. लोह कमी असलं की पेशी लहान होतात आणि बहुधा कमीही होतात. इथे लहान होत्या पण कमी नव्हत्या. त्यांनी लगेच एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करायला सांगितलं. त्यात हिमोग्लोबिन ए-टू ५.३ टक्के निघालं. साडेतीनच्या वर गेलं की थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक.

वाहक असणं हा आजार नव्हे. मी तिशीपर्यंत त्याच्यासकट व्यवस्थित जगले होते. प्रश्न नवऱ्याचा होता. हंगामात आंब्याच्या पेट्या दिवसभर चढवणारा माणूस, त्याला काय झालंय, असं घरात सगळ्यांचं मत. त्याचंही ए-टू पाचच्या वर आलं.

दोघंही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मुलाला थॅलेसेमिया मेजर असण्याची, ५० टक्के आमच्यासारखंच वाहक असण्याची आणि २५ टक्के काहीच नसण्याची. मेजर म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोजची औषधं, आणि जुळणारा दाता मिळाला तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट. जन्मतः बाळ ठणठणीत दिसतं. पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी, म्हणजे या आजारात बिघडणारा हिमोग्लोबिनचा भाग, लागतच नाही. दोष उघडा पडतो तो जन्मानंतर काही महिन्यांनी, बीटा साखळीचं काम सुरू झालं की. म्हणूनच सुरुवातीच्या सोनोग्राफीत हे दिसत नाही. जनुकच बघावं लागतं.

"मगे पोराचा रगत काढतले?" सासूबाईंनी विचारलं. "सुई पोटात घालतले आणि पोराक लागली तर?"

मला स्वतःलाही तीच भीती होती. मॅडमनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. गर्भधारणेनंतर पेशी वाढताना बाहेरच्या थराची वार बनते आणि आतल्या पुंजक्याचं बाळ. दोन्ही एकाच फलित पेशीतून आलेली, त्यामुळे जनुकं तीच. वारेतून आईच्या बाजूला बारीक फांद्या फुटतात, त्या विलाय. गर्भधारणेच्या दुसऱ्या आठवड्यातच त्या दिसू लागतात आणि तिसऱ्यात त्यांच्यात रक्तवाहिन्या तयार होतात. भरतीच्या वेळी खाडीतली खारफुटी बघितली असेल तर हे चटकन कळतं: पाणी येऊन मुळांभोवती खेळतं, पण मुळांच्या आत शिरत नाही. तसं आईचं रक्त विलायभोवती येतं, बाळाचं रक्त विलायच्या आतल्या वाहिन्यांतून फिरतं आणि मधल्या पातळ थरातून प्राणवायू, साखर आत जाते, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. दोन रक्तं मिसळत नाहीत. दिवस भरेपर्यंत या फांद्या इतक्या वाढतात की त्यांचा पृष्ठभाग मोजला तर ११-१२ चौरस मीटर भरतो, सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास! प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती ज्या एचसीजी या संप्रेरकामुळे, तेही याच विलायच्या बाहेरच्या थरात तयार होतं. म्हणजे दिवस राहिल्याची पहिली बातमी मला वारेनेच दिली होती.

तपासणीसाठी या फांद्यांचे काही मिलिग्रॅम तुकडे काढतात. बाळाच्या पाण्याच्या पिशवीतही सुई जात नाही. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं, "आई, सुई वारेपर्यंतच जाते." त्यावर त्या "बघ बाय" म्हणाल्या, म्हणजे पटलं नव्हतं, पण अडवायचं नाही एवढं ठरलं.

आता खरी धावपळ. कुणालाही वाटेल की मुंबईला जायचं, सुई टोचून यायचं. पण नुसते विलाय लॅबला देऊन उपयोग नसतो. बीटा जनुकात शेकडो प्रकारचे दोष माहीत आहेत. आई-बापांचे नेमके कुठले ते आधी ठाऊक असलं की बाळात नेमकं तेच शोधता येतं. म्हणून आम्हा दोघांचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळ्यांतून आधी पुढे गेलं. माझा दोष आयव्हीएस वन-फाइव्ह निघाला, भारतात सगळ्यात जास्त आढळणारा. नवऱ्याचा वेगळा, कोडॉन ४१-४२ चा. हा रिपोर्ट हातात येईपर्यंत पुढची तारीख ठरवता येत नव्हती आणि पोटातले आठवडे तर थांबणार नव्हते. माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच. जमलं तर दिवस राहण्याआधीच करून ठेवावी.

आठवड्यांचा हिशोब असा: सीव्हीएस अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर आणि चौदावा पूर्ण व्हायच्या आत करतात. दहा आठवड्यांच्या आधी केलेल्या काही ठिकाणी बाळाच्या हातापायांच्या बोटांत व्यंग आढळल्याचं १९९०च्या दशकात समोर आलं, तेव्हापासून घाई करत नाहीत. उशीर झाला तर पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून तीच तपासणी होते, पण रिपोर्ट येईपर्यंत पोट दिसायला लागलेलं असतं. मेजर निघालं तर काय, हे आम्ही दोघं आधीच बोललो होतो. ते बोलणं इथे लिहीत नाही. मात्र गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं आणि त्यानंतर बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड, हे कायद्याचं गणित मॅडमनी न विचारता सांगितलं. ते आधी माहीत असल्याने डोकं शांत राहिलं.

माझे अकरा आठवडे भरत होते ते नेमके गौरी-विसर्जनाला! कोकणातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. अख्खी मुंबई परतीला निघालेली, तुतारी एक्सप्रेसला उभं राहायला जागा नाही. नणंदेने तर पुण्याहून फोन केला, "एवढ्या गर्दीत जातेस कशाला? हल्ली नुसतं आईचं रक्त घेऊन बाळाची टेस्ट होते की." ती एनआयपीटीबद्दल बोलत होती. मॅडमना विचारलं. आईच्या रक्तात सापडणारे ते डीएनएचे तुकडेही वारेच्याच पेशींचे असतात. डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांची चाळणी त्यावरून चांगली होते, पण ती चाळणीच, निदान नव्हे. आमच्यासारख्या जोडप्याला पक्कं उत्तर विलायच देणार होते. शेवटी तत्काळमध्ये दोन बर्थ मिळाले, वेगवेगळ्या डब्यांत. कणकवलीहून रात्री बसलो, सकाळी दादर. परळ-लालबागेत ज्याचं कुणी नाही असा कोकणी माणूस विरळा. आमचे मामा लालबागचे, त्यामुळे राहायची चिंता नव्हती. परळलाच केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे हिमोग्लोबिनच्या आजारांचं गर्भातलं निदान होतं, तोही पर्याय मॅडमनी दिला होता. आम्ही तारीख आधी मिळाली म्हणून खासगी केंद्रात गेलो.

तिथे पहिला तास सह्यांत गेला. सोनोग्राफीचा एफ फॉर्म, सुईसाठीच्या संमतीचा जी फॉर्म (तो आपल्याला कळणाऱ्या भाषेत समजावून त्याची प्रत द्यावीच लागते), आणि मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही असं लेखी. पुढच्या खुर्चीवरचे काका "किती ते कागद" म्हणून कुरकुरत होते. पण विलाय काढायची ही पद्धत चीनमध्ये अन्शानच्या रुग्णालयाने १९७५ साली प्रसिद्ध केली ती गर्भाचं लिंग ओळखण्यासाठीच. आपल्याकडे तंत्रज्ञान आलं की पहिला उपयोग कशाला होतो हे आपल्याला माहीत आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, देशाचा १९९४ चा. मला त्या सह्यांचा कंटाळा आला नाही.

रक्तगट, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी चे रिपोर्ट आधी बघतात. शेजारी अलिबागची एक बाई होती, तिचा गट आरएच निगेटिव्ह. तिला सुईनंतर अँटी-डी चं इंजेक्शन घ्यायचं होतं. मी पॉझिटिव्ह, सुटले. गर्भपाताचा धोकाही डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितला: सरावाच्या हातात या तपासणीमुळे वाढणारा धोका पाचशेत एकाच्या आसपास, आणि सोयीसाठी शंभरात एकापेक्षा कमी असं धरून चला.

मग सुई. सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळ पाय झाडत होतं. वार समोरच्या भिंतीला असल्याने पोटातूनच जाता आलं. पोटावर भूल दिली, ती चुरचुरली. मोठी सुई आत गेली तेव्हा दाब जाणवला, आणि डॉक्टर ती पुढेमागे करत सिरिंजने ओढत होते तेव्हा पाळीच्या दिवसांसारखी कळ. मिनिटभरातच संपलं. ताटलीतल्या गुलाबी पाण्यात पांढरे, फांद्या फुटलेले धागे तरंगत होते. डॉक्टरांनी ते मला दाखवले. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यातून माझ्या गर्भाशयाच्या अस्तराचे कण वेचून काढतात, नाहीतर बाळाऐवजी माझाच रिपोर्ट यायचा! पडताळणीसाठी माझं रक्तही पुन्हा घेतलं. शंभरात एक-दोघींच्या वारेत बाळात नसलेल्या गुणसूत्रांच्या पेशी सापडतात आणि मग गर्भजल बघावं लागतं, पण तो गोंधळ गुणसूत्रांच्या तपासणीत होतो, आमच्या प्रकारच्या तपासणीत त्याचा तसा त्रास नसतो.

मामींकडे पडून राहिले. थोडा डाग गेला, थांबला. ताप, पाणी जाणं किंवा जास्त रक्त गेलं तर ताबडतोब यायला सांगितलं होतं, म्हणून लगेच गाडीत बसलो नाही. त्या दिवसांत मामींनी मला पेज आणि भाजलेला पापड सोडून काही दिलं नाही. वैद्यकीय कारण काय ते त्यांनाच ठाऊक.

रिपोर्ट घरी परतल्यावर फोनवर आला. आयव्हीएस वन-फाइव्ह नाही, कोडॉन ४१-४२ एका प्रतीत आहे. म्हणजे वाहक, बापावर गेलेलं. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे तुमच्यासारख्याच? मगे ठीक आसा."

मुलगी आता रांगते. तिचं एचपीएलसी वर्ष उलटल्यावरच करायचं आहे, तोवर तिच्या अंगात गर्भातल्या हिमोग्लोबिनचा उरलेला भाग असतो आणि ए-टू नीट कळत नाही. आमचे दोष लिहिलेला कागद पुढच्या खेपेसाठी फाइलमध्ये आहे. दरम्यान दिराचं लग्न ठरत होतं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, त्याप्रमाणे तो स्वतःच देवगडला जाऊन रक्त देऊन आला. तोही वाहक निघाला. मग होणाऱ्या जावेलाही विचारलं. ती शिकलेली मुलगी, दुसऱ्याच दिवशी तपासून आली. तिचं ए-टू अडीच आलं, एमसीव्ही ८८. त्या दोघांना सुईपर्यंत जायचं कारणच नाही.